फाइन : छान, बारीक आणि दंड
(द्वितीय वर्ष कला)

इंग्रजी शब्दांची वही ही आपल्यापैकी बहुतेकांची जुनी सोबतीण. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. एका शब्दाला एक अर्थ, फार तर दोन. या वहीच्या जोरावर आपण दहावी-बारावी पार पडलो, तेव्हा तिची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु काही शब्द या रेघेला जुमानत नाहीत. 'फाइन' हा त्यांतलाच एक. शाळेत बाईंनी 'हाउ आर यू?' विचारले की सगळा वर्ग एका सुरात 'आय ॲम फाइन' म्हणे, तेव्हा त्याचा अर्थ 'छान'. पुढे वाक्यात 'फाइन थ्रेड' आला, तेव्हा अर्थ 'बारीक'. आणि महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयाच्या खिडकीशी जो फाइन भेटला त्याचा अर्थ 'दंड'. ज्या शब्दाने माणूस खुशाली सांगतो त्याच शब्दाने त्याच्याकडून पैसे वसूल व्हावेत, हे कोडे मला बरेच दिवस छळत होते. शब्दकोश उलगडत गेले तेव्हा ते सुटले, आणि सुटताना आपल्या मराठीतल्या काही शब्दांकडे पाहण्याची माझी दृष्टीही बदलली. त्याचीच ही हकीकत.

लॅटिन भाषेत 'फिनिस' म्हणजे शेवट, हद्द. तेथून तो फ्रेंचमध्ये गेला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि राजदरबार, न्यायालय व बडी घरे यांची भाषा फ्रेंच झाली. त्यांच्याबरोबर आलेले असंख्य शब्द इंग्रजीत मुरले, त्यांत हाही होता. त्याचे गणगोत आपल्या ओळखीचेच आहे. फायनल म्हणजे शेवटचा. फिनिश म्हणजे संपवणे. डिफाइन म्हणजे हद्द आखणे. शब्दाची हद्द आखली की त्याची व्याख्या होते. कन्फाइन म्हणजे हद्दीत कोंडणे. इन्फिनिट म्हणजे ज्याला शेवट नाही ते. आपल्या 'अनंत' या शब्दाची घडण अगदी हीच आहे, 'अंत' आणि त्याच्यामागे नकार. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गाठ मारावी याची मौज वाटते.

आता दंडाकडे येऊ. शेवट आणि दंड यांचा संबंध काय? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एखाद्याच्या हातून गुन्हा घडला, तो कैदेत पडला, तर काही रक्कम कबूल करून तो प्रकरण मिटवू शकत असे. या मिटवण्याला लॅटिनमध्ये 'शेवट करणे' म्हणत. पुढे शेवट करण्याच्या कृतीचे नाव त्या रकमेलाच चिकटले. म्हणजे मुळात फाइन ही लादलेली शिक्षा नव्हती, निदान कागदोपत्री तरी तो एक करार होता. न्यायालयाने आपल्या मर्जीने लादलेल्या रकमेला वेगळा शब्द होता, 'अमर्समेंट'. या दुसऱ्या प्रकाराचा इतका जाच झाला की १२१५ च्या मॅग्ना कार्टा या प्रसिद्ध सनदेत त्याला आवर घालावा लागला. अशी रक्कम अपराधाच्या मानाने असावी, व्यापाऱ्याचा माल आणि कुळाची शेती बुडेल इतकी ती नसावी, असे तिच्यात कलम आहे. हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा अण्णा म्हणाले, "मग ती माणसं शहाणी होती म्हणायची."

शेवट याच अर्थाने 'फाइन' हा शब्द जमिनीच्या व्यवहारातही शिरला होता, आणि तो प्रकार मोठा गमतीचा आहे. जमीन विकणारा आणि घेणारा यांचे आधीच ठरलेले असे. तरीही घेणारा विकणाऱ्यावर न्यायालयात दावा लावी, आणि लगेच दोघे न्यायाधीशासमोर 'आमचा समेट झाला' असे सांगत. या लुटुपुटीच्या भांडणाच्या शेवटाला 'फाइन' म्हणत. एका चर्मपत्रावर समेटाचा मजकूर तीनदा लिहीत. दोन प्रती शेजारी-शेजारी आणि तिसरी त्यांच्या पायथ्याशी आडवी. मग नागमोडी रेषेत कापून दोघांना एकेक प्रत देत आणि पायथ्याची प्रत न्यायालय ठेवी. खोटी प्रत कोणी आणली तर तिची कड मूळ कडेला जुळणार नाही, ही त्यातली युक्ती. ११९५ पासून या पायथ्याच्या प्रती नियमाने जतन होत गेल्या आणि ही पद्धत १८३३ च्या कायद्याने बंद झाली. सहाशेहून अधिक वर्षांचे हे तुकडे आज लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विवाहित स्त्रीच्या जमिनीचा व्यवहार याच मार्गाने होई, आणि तेव्हा न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन, तिची खरोखर संमती आहे ना, हे विचारीत. विचारल्यावर ती कितपत खरे सांगू शके हा प्रश्न निराळा, पण विचारीत.

फाइन म्हणजे शेवट, आणि पैसे देऊन देणे संपवणे म्हणजेही शेवट. त्यातूनच 'फायनान्स' जन्मला. देणे 'फिटणे', हिशेब 'चुकता' होणे, हे आपले शब्द त्याच वाटेवरचे आहेत.

मराठी 'दंड' मात्र अगदी वेगळ्या दारातून आला. दंड म्हणजे काठी. राजाच्या हातातली काठी, तिचा मार म्हणजे शिक्षा, आणि मग शिक्षेदाखल द्यायची रक्कम. म्हणून आपल्याकडे मृत्युदंड आणि द्रव्यदंड या दोहोंत दंड तोच आहे. जुन्या कायद्याचे मराठी नाव भारतीय दंड संहिता होते ते याच व्यापक अर्थाने; १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि नावातला दंड गेला, शिक्षांच्या यादीतला अर्थातच राहिला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत आणखी एक जोडी आढळते, 'हरकी' आणि 'गुन्हेगारी'. निवाडा झाला की जिंकणाऱ्याने सरकारला आनंदाने द्यायची ती हरकी, आणि हरणाऱ्याने द्यायची ती गुन्हेगारी. आज आपण गुन्हेगारी वाढली म्हणतो तेव्हा रक्कम वाढली असे कोणाच्या मनातही येत नाही.

इंग्रजीत दंड भरला की शेवट झाला, आणि मराठीत दंड झाला की काठी बसली. हा फरक केवळ शब्दकोशातला नाही. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. एका मैत्रिणीला ग्रंथालयाने दहा रुपये फाइन लावला, हे मी एकदा जेवताना सहज सांगितले. अण्णांचा घास हातात राहिला. "काय केलं तिनं?" त्यांच्या लेखी दंड म्हणजे कचेरी, फौजदार, नाहीतर जातपंचायत. पुस्तक चार दिवस उशिरा दिले एवढेच, हे पटायला त्यांना वेळ लागला. त्यांच्या लहानपणी त्यांनी जो दंड पाहिला होता तो भरूनही संपत नसे. पंचायत रक्कम घेई आणि वर घराला वाळीतही टाकी. अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये वेगळा कायदा केला. त्यात बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत द्रव्यदंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. म्हणजे दंड करणाऱ्यांनाच दंड.

विद्यापीठाच्या परिपत्रकात दंड हा शब्द जपून वापरतात. परीक्षेचा अर्ज मुदतीनंतर भरला तर 'विलंब शुल्क', त्याहून उशीर झाला तर 'अतिविलंब शुल्क'. शुल्क म्हणजे फी, दंड म्हणजे फाइन. पैसे तेवढेच जातात, पण शुल्क भरणाऱ्याने काही अपराध केलेला नसतो. हा शब्द ज्याने निवडला त्याला माझा नमस्कार, जरी रक्कम कमी ठेवली असती तर साष्टांग घातला असता. इंग्रजीतही असे थर आहेत. 'पेनल्टी' हा सर्वांत मोठा शब्द. त्यात पैसे, गुण, फुटबॉलमधली किक असे काहीही येते. 'फाइन' म्हणजे अधिकार असलेल्याने घेतलेली रक्कमच. 'फोरफिट' म्हणजे हाती असलेले गमावणे, जसे अनामत रक्कम जप्त होणे. 'डॅमेजेस' म्हणजे नुकसानभरपाई. ती सरकारजमा होत नाही, ज्याचे नुकसान झाले त्याला मिळते. मार्गदर्शकांत या चौघांनाही 'दंड' असा एकच अर्थ दिलेला पाहिला की वाईट वाटते.

आता 'छान' आणि 'बारीक' यांच्याकडे वळू. शेवटाला गेलेले काम म्हणजे पुरे झालेले काम, आणि पुरे झालेले काम म्हणजे उत्तम. 'फाइन'चे विशेषण येथून निघाले. सोने गाळून गाळून त्यातला हीणकस भाग काढला की ते फाइन. आपल्याकडे त्याला बावनकशी म्हणतात. सोनाराच्या दुकानात दागिन्यावर ९१६ हा आकडा दिसतो तो याच फाइनपणाचा: हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने, म्हणजेच बावीस कॅरट. (२०२१ च्या जूनपासून हे हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचे होत गेले.) गाळणे आणि चाळणे आले की बारीकपणा आलाच. जे जास्त वेळा चाळले ते जास्त बारीक आणि म्हणून जास्त चांगले. पीठ, रवा, सूत, कापड यांच्या बाबतीत 'उत्तम' आणि 'बारीक' हे दोन अर्थ अशा रीतीने एकमेकांत मिसळले. मुंबईच्या गिरण्यांत कापडाची प्रतवारीच होती: कोर्स, मीडियम, फाइन, सुपरफाइन. सूत जितके बारीक तितका कापडाचा मान मोठा.

येथे मात्र मराठीची श्रीमंती पाहावी. इंग्रजी एका फाइनवर भागवते तेथे आपण वस्तू पाहून शब्द बदलतो. कापड तलम. औषधाची पूड वस्त्रगाळ, म्हणजे कापडातून गाळलेली. गव्हाचे चाळलेले पीठ सपीठ. नाकडोळे रेखीव, नक्षी नाजूक, फरक सूक्ष्म, सोने चोख, आभाळ निरभ्र, कला ललित. या सगळ्यांपुढे इंग्रजीत 'फाइन' चालते. आणि 'बारीक' हा आपला स्वतःचा शब्दही काही कमी पोटाचा नाही. गिरणीत "दादा, जरा बारीक दळा" म्हणतात, तेथे तो गुण आहे. बारीक नजर, बारीक आवाज, अंगात बारीक ताप, प्रत्येक ठिकाणी त्याची छटा वेगळी. पण सुट्टीत घरी गेल्यावर आजी गालावरून हात फिरवून "किती बारीक झालीस गं" म्हणते, तेव्हा त्यात कौतुक मुळीच नसते. इंग्रजी बारीकपणा थेट उत्तमाकडे गेला. मराठी बारीकपणा सुतात आणि पिठात चांगला, माणसात काळजीचा. भाकरीचा हिशेब जेथे रोज करावा लागतो तेथे असेच होणार.

क्रिकेटवाल्यांनी रागावू नये म्हणून सांगते: 'फाइन लेग' हा छानही नाही आणि दंडही नाही. फलंदाजाच्या पाठीमागे, दोन्ही यष्ट्यांना जोडणारी रेषा वाढवली तर तिच्याशी बारीक कोन करून जो उभा असतो तो फाइन. काटकोनात उभा तो स्क्वेअर.

हे तिन्ही फाइन मला एकदा एकाच कागदावर भेटले. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या गटाने एका फायनान्सकडून कर्ज घेतले होते, दर आठवड्याला हप्ता. कागद इंग्रजीत होते आणि आईने ते माझ्यापुढे ठेवले. वरच्या बाजूला ठळक अक्षरात कंपनीच्या नावात 'फायनान्स'. तळाशी मुंगीएवढी अक्षरे, ज्यांना 'फाइन प्रिंट' म्हणतात. आणि त्या बारीक अक्षरांत, हप्ता चुकल्यास दर दिवशी किती फाइन, ते. देणे फेडणे, अक्षर बारीक असणे आणि दंड, एकाच घरातली ही तीन भावंडे एका पानावर बसली होती. सह्या होऊन गेल्या होत्या. मी ती मुंग्यांची ओळ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून काढली आणि आईने तो कागद गटाच्या बैठकीत फिरवला. तेव्हापासून हप्त्याच्या आदल्या संध्याकाळी कोणाकडे किती कमी पडतात याची विचारपूस बायका आपापसांत करतात. भुर्दंड हा शब्द त्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

या शब्दाचा सर्वांत पराकोटीचा उपयोग शेक्सपिअरने केला आहे. 'हॅम्लेट' हे नाटक १६०० च्या सुमाराचे. त्याच्या पाचव्या अंकाच्या आरंभी स्मशानातला प्रवेश आहे. कबर खणणारा कवट्या वर फेकतो आहे, आणि त्यातली एखादी वकिलाची असावी अशी कल्पना करून हॅम्लेट बोलतो. या माणसाने जन्मभर जमिनी घेतल्या असतील, दस्तऐवज केले असतील. त्याचे आता काय झाले? या एका प्रश्नार्थक वाक्यात 'फाइन' हा शब्द चार अर्थांनी येतो: शेवट, जमिनीचे ते लुटुपुटीचे दावे, वकिलाचे तल्लख, ऐटबाज डोके, आणि त्या डोक्यात भरलेली बारीक माती. वर सांगितलेली चर्मपत्राची हकीकत माहीत नसेल तर यातला दुसरा फाइन हातातून निसटतो, आणि दुसरा निसटला की बाकीचे तीन नुसते आवाज करीत राहतात. आगरकरांनी या नाटकाचे 'विकारविलसित' हे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. हे वाक्य मराठीत आणणे किती अवघड, याचा प्रयत्न ज्याला हवा त्याने जरूर करून पाहावा.

मी करून पाहिला. चारही जागी बसेल असा एकच मराठी शब्द नाही, पण 'दंड' घेऊन खेळ मांडता येतो, कारण दंडही फाइनच्या तोडीचा बहुरूपी आहे. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे शिक्षा, दंड म्हणजे बाहू; तालमीत काढतात तेही दंडच. शेतात पाटाचे पाणी सरीपर्यंत नेतात तो दंड. काठीसारखे सरळ आडवे पडून केलेला नमस्कार तो दंडवत. आणि आजीच्या लुगड्याला घातलेला तोही दंड. नऊवारी लुगडे मधोमध विरते, काठ-पदर धड असतात. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि धड तुकडे एकमेकांना शिवायचे. या शिवणीला दंड घालणे म्हणतात. आजीच्या पेटीत अशी दोन लुगडी आहेत. ग्रंथालयातल्या ज्या कोशांत मी शोधले त्यांत शिक्षेचा दंड ठळक आहे, तालमीचा आहे. लुगड्याचा एका कोशात अगदी शेवटी सापडला, आणि सापडला तेव्हा मी पान बंद करायला तयार नव्हते. माझा वकील मग असा झाला: जन्मभर लोकांच्या दंडाला धरून त्यांच्याकडून दंड वसूल केले, आणि आता डोक्यातून पाण्याचा दंड वाहतो आहे. शेक्सपिअरच्या जवळपासही नाही, परंतु सरांनी वर्गात वाचून दाखवले.

राहता राहिला 'आय ॲम फाइन'. येथे फाइन सर्वांत पातळ होतो. चांगला, उत्तम, शुद्ध हे सगळे अर्थ गळून फक्त 'तक्रार नाही' एवढे उरते. 'गुड', 'नाइस', 'स्प्लेंडिड', 'एक्सलंट' या समानार्थी शब्दांच्या रांगेत तो छापलेला असतो खरा, पण 'दॅट्स फाइन' म्हणजे 'चालेल', 'उत्तम' नव्हे. दोघे भांडत असताना एकाने नुसते 'फाइन' म्हटले तर भांडण मिटले नसून दार आपटले गेले आहे असे समजावे. आणि 'अ फाइन फ्रेंड यू आर' म्हणजे अगदी आपले 'छान मैत्रीण आहेस हो!' उलट अर्थ, तोच सूर.

मराठीत ही जागा 'बरे' या शब्दाची आहे. 'बरं' म्हणजे होकार, 'बरं का' म्हणजे लक्ष द्या, 'बरंच' म्हणजे पुष्कळ, 'बरा झाला' म्हणजे आजारातून उठला, 'बरं झालं' म्हणजे कधी खराच आनंद आणि कधी 'जिरली'. शाळेत आम्ही 'आय ॲम फाइन' म्हणायला शिकलो. घरी कोणी कोणाला 'तू कशी आहेस' असे समोरासमोर विचारीत नाही, 'जेवलीस का' विचारतात. आजीला मुद्दाम विचारून पाहिले, "बरी आहेस ना?" ती सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली, "बरं म्हणायचं." याचे 'आय ॲम फाइन' असे भाषांतर केले तर 'बरं' तेवढे येते, 'म्हणायचं' बाहेर राहते.